निळ्या पुस्तकातलं एस्टीचं

गेल्या हिवाळ्यात लातूरच्या एका कानाच्या डॉक्टरांनी आईला तपासलं. डावा कान गेला आहे, उजवा किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही, मशीन लावा पण मशीनच्या भरवशावर राहू नका, असं त्यांनी माझ्या धाकट्या भावाला सांगितलं. आई शेजारीच बसली होती, तिला यातलं काही ऐकू आलं नाही. भावाने दवाखान्याच्या पायऱ्यांवर थांबून तिच्या उजव्या कानाशी सगळं पुन्हा सांगितलं. आईने ऐकून घेतलं. ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "मग निळ्या पुस्तकातलं एस्टीचं तेवढं ऐकून घेते. अक्काला सांग."

अक्का म्हणजे मी. मी नांदेडला एका दैनिकात उपसंपादक आहे. भावाचा फोन त्याच संध्याकाळी आला. कोणतं पुस्तक आणि त्यातलं काय, हे मला विचारावं लागलं नाही.

आई वाचत नाही. सही करता येते, एस्टीची पाटी रंगावरून आणि लांबीवरून ओळखते. लग्नानंतर वडिलांनी तिला अक्षरं शिकवायचा प्रयत्न केला होता. "तुम्ही वाचता की. दोघांनी एकच काम कामून करायचं?" असं म्हणून तिने पाटी परत दिली. ती आयुष्यभर पुस्तकं ऐकत आली. आता तो एकच रस्ता बंद होत होता आणि त्याआधी तिला एक प्रसंग ऐकायचा होता.

प्रसंग असा. एका कोरडवाहू गावातली बाई मुलीला शिकायला शहरात पाठवते. स्टँडवर मुलगी एस्टीत बसते, खिडकीतून रडते, उतरू का म्हणून विचारते. बाई एस्टीकडे पाठ करते आणि एका हातगाडीवाल्याशी भाव करत उभी राहते. गाडी स्टँडाबाहेर जाईपर्यंत ती वळत नाही. वळली असती तर मुलगी उतरली असती.

आम्ही कंधारला राहत होतो. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. गावात त्यांना गुरुजी म्हणत आणि आईही त्यांचा उल्लेख गुरुजी असाच करायची. श्रावणात गल्लीतल्या देवळात पोथी लागायची. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. वाचणाऱ्याचं बोट ओळीवर असायचं. अर्थ सुरू झाला की बोट उचलून तो थांबायचा आणि अर्थ संपला की पुन्हा बोट टेकवायचा. अर्थ सांगायचं काम वर्षानुवर्षं वडिलांकडे होतं. पोथीतल्या राजाच्या दरबाराचा अर्थ सांगताना त्यांच्या बोलण्यात तहसील कचेरी यायची, किल्ल्याचा खंदक यायचा, बाजारातली माणसंही यायची. ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. ओवी चार चरणांची आणि अर्थ पाऊण तासाचा, असंही व्हायचं. मग कोणीतरी मागून म्हणायचं, "गुरुजी, देवाला जेवायला जाऊ द्या." अर्थ तरीही पुरा व्हायचा.

घरी रविवारी दुपारी पुस्तक असायचं. ते वाचनालयातून यायचं. वाचनालयातली जवळजवळ सगळी पुस्तकं पुठ्ठा आणि कापड लावून पुन्हा बांधलेली होती, त्यामुळे मूळ चित्र आणि पाठीवरचं नाव दिसत नसे. आमच्या घरी पुस्तकांना रंगाने ओळखायचे. वडील ओसरीवर भिंतीला टेकून बसत. आई समोर बसून डाळ निवडायची. मी आणि भाऊ एका बाजूला खाली मान घालून शेंगा फोडायचो. फोडायचं टोपलं संपल्याशिवाय मान वर करायची नाही असा आईचा दंडक होता. वाचणारे आणि अर्थ सांगणारे दोन्ही वडीलच.

पुस्तक संपलं की वडील ते लगेच मिटत नसत. शेवटचं पान झालं की पहिलं पान उघडून त्यावरच्या चार ओळी वाचायच्या आणि मग मिटायचं. पोथीची हीच रीत होती, ती वडिलांनी कादंबरीलाही लावली.

त्या पुस्तकांचे परिणाम घरात दिसत, ते असे नोंदवता येतील. तांबड्या बांधणीचं एक पुस्तक मुंग्यांवर होतं. ते ऐकल्यानंतर आईने मुंग्यांवर पावडर टाकणं बंद केलं. मुंग्या पिठाच्या डब्याला लागल्या की ती डबा हलवते, मुंग्या नाही. आजही लातूरच्या फ्लॅटमध्ये डब्याची जागा बदललेली दिसली की भावाची बायको समजून जाते. एक पुस्तक समुद्रप्रवासाचं होतं. आईने समुद्र पाहिलेला नव्हता. ते पुस्तक चालू असताना आम्ही एकदा गोदावरीवरचं विष्णुपुरीचं धरण बघायला गेलो. पाण्याकडे बराच वेळ बघून ती म्हणाली, "एवढंच? पुस्तकातला लई मोठा होता." शेजारची बाई पुढे कितीतरी वर्षं तिला चिडवायची, "हिला गोदावरी पुरंना."

निळं पुस्तक ही कादंबरी होती. ती किती वेळा वाचून झाली ते सांगता येणार नाही. इतर पुस्तकं एकदा यायची. हे मात्र दरवर्षी यायचं, आणि एस्टीच्या प्रसंगाला आईचा डाळीतला हात थांबायचा. मी मान खाली ठेवूनच हे ऐकून ओळखायचे, कारण सुपातला आवाज बंद व्हायचा.

माझा दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात मोठे मामा अर्धापूरहून आले. त्यांची केळीची बाग होती. येताना नेहमी एक घड आणायचे, तसा आणला होता. नांदेडच्या कॉलेजात आणि हॉस्टेलात मला घालायचं ठरत होतं, ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

"पोरगी हुशार हाय. न्हाई कोण म्हणतंय?" मामा म्हणाले. "पण हॉस्टेल? आपल्यात कोण गेलंय हॉस्टेलात? मी एक स्थळ बघून राहिलो. चांगलं हाय."

"स्थळ थांबंल दादा," आई म्हणाली. "कॉलेज न्हाई थांबत."

"आन् तिथं ऱ्हाईली न्हाई तर? रडत परत आली तर?"

"गाडीत बसली की पाठ फिरवायची. मग येत न्हाई."

"हे कोणी सांगितलं तुला?"

"पुस्तकात हाय."

"कोणत्या पुस्तकात?"

"निळ्या."

मामांनी वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "वाचून दाखवू का?"

"नका गुरुजी," मामा म्हणाले. "तुम्ही अर्थ सांगायला लागले तर माझी शेवटची गाडी चुकंल."

मामा त्यानंतर त्या विषयावर बोलले नाहीत. छापलेल्या गोष्टीशी वाद घालायचा नाही असा त्यांचा स्वभाव होता. पंचांग, सात-बारा आणि पुस्तक यांना ते एकाच मापाने मोजायचे.

जूनच्या अखेरीस मी नांदेडच्या एस्टीत बसले. वडिलांनी ट्रंक वर चढवली आणि ते कंडक्टरशी बोलत उभे राहिले. खिडकीतून मी आईला हाक मारली. ती वळली आणि स्टँडावरच्या केळ्याच्या गाडीपाशी गेली. तिची पाठ मला दिसत होती. ती भाव करत होती. घरी मामांच्या घडातली अर्धी केळी शिल्लक होती. एस्टी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती तशीच उभी होती. मी उतरले नाही.

हॉस्टेलात आणि कॉलेजच्या ग्रंथालयात मी पहिल्यांदा एकटीने, मनातल्या मनात वाचायला लागले. सुरुवातीला सगळी पुस्तकं आखूड वाटायची. एखादं माणूस पुस्तकात मरायचं आणि पुढच्या ओळीत दुसरंच काही सुरू व्हायचं. मध्ये काहीतरी राहून गेलंय असं वाटून मी पानं मागे उलटून बघायचे. काही राहिलेलं नसायचं. वर्षभराने ती सवय मोडली. पुढे पत्रकारिता शिकले आणि डेस्कवर बसले.

डेस्कवर पहिल्याच महिन्यात शिकवलेल्या गोष्टी दोन. एक, कागदावर जे आहे तेवढंच. आपल्याला काय वाटतं ते नाही. दुसरी, दोन जणांनी सांगितलं म्हणजे बातमीला दोन सूत्रं झाली असं नाही. दोघांनाही एकाच माणसाने सांगितलेलं असेल तर सूत्र एकच. या दोन नियमांवर माझी नोकरी आजवर चालली आहे. निळं पुस्तक मी त्या सगळ्या वर्षांत पुन्हा उघडलं नव्हतं. मला ते पाठ आहे अशी माझी समजूत होती.

वडील वारले त्याला बरीच वर्षं झाली. आई तेव्हापासून भावाकडे लातूरला असते.

भावाच्या फोननंतरच्या गुरुवारी, माझ्या साप्ताहिक सुट्टीला, मी कंधारला गेले. वाचनालय जुन्या जागेवरच आहे. निळी प्रत कपाटाच्या खालच्या खणात होती, तेच कापड, कोपरे झिजून पुठ्ठा दिसत असलेले. एका वर्गमैत्रिणीच्या सभासदत्वावर मी ती घेतली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "हे आता कोणी नेत न्हाई. न्या बिनघोर. पण आणून द्या बरं का, नांदेडला ठेवून घेऊ नका."

पुढच्या गुरुवारपासून लातूरला वाचन सुरू झालं. मी आईच्या उजव्या बाजूला, तोंड तिच्या कानाशी नेऊन, मोठ्याने आणि सावकाश वाचायचे. सुरुवातीला ती चौथ्या-पाचव्या वाक्याला हात वर करून थांबवायची. मग मशीनच्या आवाजाची पट्टी जमली आणि माझ्याही. मी बोट ओळीवर ठेवत होते. वाचताना ओळ चुकू नये म्हणून ठेवावं लागत होतं.

तिसऱ्या गुरुवारी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. "त्या विहिरीचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं. "मागच्या बारीला तुम्ही ऐन टायमाला थांबलात." माझा आवाज वरपर्यंत जात होता. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी कशाला? मी खालीच येते. वर नीट ऐकू येत न्हाई." त्यानंतर त्या दर गुरुवारी मेथी किंवा वाटाणा घेऊन यायच्या आणि निवडत बसायच्या.

एस्टीचा प्रसंग जवळ आला त्या आठवड्यात एका रात्री मी नांदेडला पुढची पानं चाळली. नावं आणि आकडे आधी बघून ठेवायची सवय मला कामातून लागलेली आहे. प्रसंग पुस्तकात नव्हता.

एक प्रकरण संपत होतं. त्याचं शेवटचं वाक्य एवढंच होतं की जूनमध्ये मुलगी शिकायला शहरात गेली. पुढचं प्रकरण तिच्या खोलीत सुरू होत होतं. स्टँड नाही, हातगाडी नाही, बाईची पाठ नाही.

मी पान फाटलं असेल असं धरलं. पृष्ठांक सलग होते. शिलाई बघितली, ती जुनीच होती. पुढे-मागे दुसरीकडे कुठे असेल म्हणून पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. दोन दिवसांनी नांदेडच्या एका ग्रंथालयात दुसरी प्रत मिळाली. तिच्यातही तेच वाक्य होतं आणि त्यानंतर तेच प्रकरण.

भावाला फोन केला.

"असं कसं?" तो म्हणाला. "मला पक्कं आठवतंय. ती पाठ करते, भाव करते. पुस्तकातच आहे."

"तू वाचलंयस का कधी?"

"न्हाई. ऐकलंय."

"कोणाकडून?"

"बाबांकडून. आणखी कोणाकडून ऐकणार?"

सूत्र एकच होतं. तो प्रसंग वडिलांनी सांगितलेला अर्थ होता. आम्ही मान खाली घालून शेंगा फोडत होतो, आम्हाला छापलेलं कुठे संपलं ते कळलं नव्हतं. मामांपुढे ठेवलेलं पुस्तकाचं वाक्य पुस्तकातलं नव्हतं, आणि मामांनी वाचून दाखवा म्हटलं असतं तर वडिलांनी काय केलं असतं, ते आता विचारता येणार नव्हतं.

"मग काय करणार?" भावाने विचारलं.

"जे आहे ते वाचणार."

"अक्का, तिचा कान चाललाय. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती तीन महिने मशीन लावून बसतीय, न्हाईतर मशीनला हात लावत नव्हती. तुला पाठ हाय ना? वाचल्यासारखं म्हण. तिला काय कळणारे?"

"नसलेलं वाचता येत नाही."

"ही बातमी न्हाई," भाऊ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

गुरुवारी मी लातूरला पोचले तेव्हा आई आंघोळ करून, मशीन लावून, सतरंजीवर बसलेली होती. भाऊ त्या दिवशी आपल्या दुकानावर उशिरा जाणार होता. काकू मेथी घेऊन आल्या. आईने त्यांना सांगितलं, "आज एस्टीचं हाय. गप बसा."

मी वाचायला लागले. प्रकरण मोठं नव्हतं. मुलीची ट्रंक, शेजारणीने दिलेले लाडू, घरातली शेवटची संध्याकाळ, असं सगळं होतं. शेवटचं वाक्य आलं. जूनमध्ये मुलगी शिकायला शहरात गेली. मी थांबले. बोट त्या वाक्यावर होतं.

भाऊ दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता.

मी म्हणाले, "आई, पुढं पुस्तकात..."

"बोट ठेवूनच बसलीस," आई म्हणाली. "उचल की. अर्थ सांग."

मी भावाकडे बघितलं. आई म्हणाली, "त्याच्याकडं काय बघतीस? त्याला काय येतंय. गुरुजी इथं बोट उचलायचे आन् एस्टीचं सांगायचे. तू सांग."

"तुला माहीत होतं? हे पुस्तकात नाही म्हणून?"

"पुस्तकात न्हाई तर कुठं हाय?" आई म्हणाली. "अर्थ कुठं असतोय? पोथीत अर्थ लिहिलेला असतोय का? मग तो काय पोथीतला नसतोय?"

काकू म्हणाल्या, "बराबर हाय."

मी बोट उचललं. आईच्या कानाशी तोंड नेऊन सांगायला लागले. स्टँड सांगितला, ट्रंक वर चढवली ते सांगितलं, खिडकी सांगितली. मुलगी उतरू का म्हणून विचारते ते सांगितलं. बाई एस्टीकडे पाठ करते आणि केळ्याच्या गाडीपाशी जाते, असं मी म्हणाले.

आईने हात वर केला. "बोरं."

"काय?"

"बोराची गाडी. केळी आपल्या स्टँडावर होती. ह्या बाईचं गाव कोरडवाहू, तिथं केळी कुठली?" आणि मग, "जूनात बोरं नसतात असं मी गुरुजींना म्हणलं होतं. तर म्हणले, तिनं तेच भांडण लावलं होतं गाडीवाल्याशी, जूनात बोरं कुठून आणली म्हणून. गाडी जाईपर्यंत भांडली. ते राहिलं तुझं. ते सांग."

ते मला आठवत नव्हतं. भावालाही नव्हतं. आईने सांगितलं तसं मी तिलाच परत सांगितलं. बाई गाडीवाल्याला विचारते, जूनात बोरं कुठली? तो म्हणतो, वाळलेली हायेत, खाऊन बघा. ती म्हणते, किडकी असतील. तो म्हणतो, न्हाई. ती म्हणते, फोडून दाखव. एक फोडतो, दुसरं फोडतो. मागे घंटी वाजते, एस्टी निघते, फाटकातून बाहेर पडते. मग ती वळते.

आईने ऐकलं. डाव्या हाताने तिने माझं बोट धरलं आणि पुढच्या पानावर ठेवलं. मी पुढचं प्रकरण सुरू केलं.

उठताना काकूंनी मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि म्हणाल्या, "ते बोराचं लई चांगलं लिहिलंय हो." त्यांना कोणी दुरुस्त केलं नाही. भाऊ दुकानावर गेला.

त्यानंतर पुस्तक संपायला आणखी काही गुरुवार लागले. शेवटच्या पानानंतर आईने पहिलं पान उघडायला लावलं. त्यावरच्या चार ओळी वाचून मी पुस्तक मिटलं आणि पुढच्या आठवड्यात कंधारला परत केलं. ग्रंथपालबाईंनी ते त्याच खणात ठेवलं.

उन्हाळ्यात आईची पुन्हा तपासणी झाली. उजवा कान आणखी उतरला आहे. शांत खोलीत, मशीन लावून, अगदी जवळून बोललं तर शब्द कळतात. सध्या मुंग्यांचं तांबडं पुस्तक चालू आहे. गेल्या गुरुवारी त्यातलं वारुळाचं प्रकरण वाचून झालं.